वाटाड्याची सीट

उसवणीच्या पात्याने तिने पहिला टाका तोडला तो वाटाड्याच्या सीटचा. कारखान्याने जुन्या रॅलीच्या गाडीच्या दोन सीटा तिच्याकडे नव्याने शिवायला धाडल्या होत्या. खरे तर चालकाची सीट जास्त झिजलेली होती आणि काम तिचेच मोठे होते; पण हात आपसूक दुसरीकडे वळला. जुने चामडे करकरले. मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके एकेक करून सुटू लागले आणि काथ्याची, पेट्रोलची, घामाची चाळीस वर्षे कोंडून राहिलेली हवा खोलीत पसरली.

"आई, ऐका तरी," सून खिडकीशी कंपनीचे पत्रक घेऊन उभी होती. "आमच्या नव्या विजेच्या गाडीचं अनावरण येत्या महिन्यात. त्या निमित्ताने घाटरस्त्यांवरच्या जुन्या रॅलीत आमची लाडकी गाडी पुन्हा धावणार. अकरा रॅली गाजवणाऱ्या त्या अजोड जोडीपैकी..."

"जोडी," ती म्हणाली. पाते थांबले नाही.

"मी नाही म्हणत, पत्रक म्हणतंय. जोडीपैकी चालक आज आपल्यात नाहीत, पण त्यांचे वाटाडे त्याच सीटवर बसून तोच रस्ता वाचतील. आणि फोटो बघा ना. बाबा किती रुबाबदार! आणि शेजारी तुमची सवत."

"फोटोत तिसरं कोण आहे?"

"कोणी नाही."

"डाव्या कडेला बघ."

सुनेने पत्रक डोळ्यांजवळ नेले. "कोपर आहे कुणाचं तरी."

"माझं आहे," ती म्हणाली, आणि पुढचा टाका जरा जोरात तोडला.

सवत म्हणजे तो वाटाड्या, ही घरातली जुनी थट्टा होती. ती थट्टा तिनेच सुरू केली होती, म्हणून तिच्यावर हसणेही तिलाच भाग होते. नवरा कारखान्यात गाड्या चालवून पारखायचा, ती तिथल्याच शिवणखात्यात सीटा शिवायची, आणि तो वाटाड्या वरच्या मजल्यावर नकाशे काढायचा. उंच, अबोल, बिनलग्नाचा. आधी गाड्यांच्या चाचण्यांना आणि मग रॅलीत दोघे शेजारी बसत. त्या रॅलीत सर्वांत आधी पोचणारा जिंकत नसे. नेमक्या सेकंदाला पोचावे लागे. उशिराला जेवढा दंड तेवढाच लवकरला. त्यामुळे नवऱ्याने नुसते चाक धरायचे आणि वाटाड्याने मांडीवरच्या वहीतून पुढचे वळण वाचायचे. डावं, लांबट. उजवं, आखडतं. पूल, अरुंद. नवरा प्रत्येक वळणाला एकच शब्द विचारायचा, "मग?" आणि वाटाड्या पुढचे सांगायचा.

ज्या माणसाला घरात मीठ संपल्याचे तीनदा सांगावे लागे, तो माणूस तिकडे दुसऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द खाली पडू देत नव्हता, हे तिला सलायचे. तो झोपेतही "मग?" म्हणायचा. अंधारात ती काहीबाही उत्तर द्यायची, "मग काही नाही, झोपा." पण ते उत्तर त्याला लागू पडत नसे. तो कूस बदलायचा आणि पुन्हा विचारायचा.

चार वर्षांपूर्वी दवाखान्यात शेवटच्या दिवशीही त्याने तेच विचारले होते. ती उशाशी होती, हात तिच्या हातात होता. आणि त्याने मान वळवली ती पायथ्याशी उभ्या असलेल्या वाटाड्याकडे. "मग?"

"सरळ," वाटाड्या म्हणाला होता. "आता सगळं सरळच आहे."

त्यावर नवऱ्याने डोळे मिटले. तिच्या हातातला हात तिच्या हातातच राहिला. पण उत्तर दुसऱ्याने दिले होते. त्यानंतर वाटाड्या दर वर्षी त्या तारखेला भेटायला यायचा. ती चहा द्यायची, "बरंय ना भावोजी?" म्हणायची, आणि तो गेल्यावर त्याचा कप दोनदा घासायची.

आता चामडे पूर्ण निघाले. तिने दोन्ही हात काथ्यात घातले. ती गाठ शोधत होती.

शिवणखात्यातल्या बायका यंत्रांच्या घरघरीवर ओव्या जुळवायच्या. एकीने पहिली ओळ टाकायची, दुसरीने झेलायची. हिच्यासाठी त्यांनी एक खास केली होती:

सवतीचा काटा बाई, सांगू कुणाला गं दुःख,
माझ्या दारी तिचे पाय, तिच्या दारी माझे सुख.

ती त्यांच्याबरोबर हसायची. मग एका सकाळी तिने नवऱ्याच्या कानात सांगितले की आपल्याला मूल होणार आहे. अजून तिने स्वतःच्या आईलाही सांगितले नव्हते. आणि दुपारी कारखान्याच्या जिन्यावर वाटाड्या तिच्यासमोर थांबला, मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, अभिनंदन."

त्याच दुपारी तिच्यापुढे पहिल्या रॅलीच्या सीटा शिवायला होत्या. तिने जाड दोरीचा तुकडा घेतला, तीन वेढ्यांची गाठ मारली, तिच्यावर आपल्याजवळचा लाल दोरा घट्ट गुंडाळला. बोराएवढी झाली. ती तिने वाटाड्याच्या गादीत, नेमकी माकडहाडाखाली येईल अशी पक्की टाचली आणि वरून चामडे शिवून टाकले. दोन तासांत काही जाणवणार नव्हते. दहाव्या तासाला मात्र सवतीला कळले असते की आपण कुणाच्या जागेवर बसलो आहोत.

ती रॅली करून नवरा घरी आला तो सरळ पालथा पडला. "कंबर गेली गं," म्हणाला. तिने तेल कोमट केले. मऊ गादीवर बसून याची ही दशा, तर त्या दुसऱ्याची काय असेल, या विचाराने तिला मनातून गुदगुल्या झाल्या. दोन तास ती त्याची कंबर चोळत बसली. त्या दोन तासांत तो घाटांबद्दल बोलला, मुलाच्या नावाबद्दल बोलला, एकदाही "मग?" म्हणाला नाही. पुढे प्रत्येक रॅलीनंतर हेच. अकरा रॅली, अकरा संध्याकाळी. उभ्या संसारात तो पुरता तिचा असा तेव्हाच असायचा.

काथ्या जमिनीवर ढीग होऊन पडला. गाठ नव्हती.

तिने मूठमूठ पिंजून पाहिला. स्प्रिंगांच्या पोटात बोटे घातली. आतले सगळे मऊ, सरळ, निर्मळ होते. मधल्या काळात ही गादी कुणी उसवलेली नव्हती. टाके तिचेच होते. मग ती उठली, "चालक" अशी चिठ्ठी लावलेली सीट ओढून घेतली आणि पुढची कड उसवून आत हात घातला.

बोटांना ती लगेच सापडली. लाल दोरा विटून विटेच्या रंगाचा झाला होता, पण तीन वेढे तसेच होते.

ती जमिनीवरच बसली. म्हणजे आपण चुकलो. घाईत, रागात, आपण दुसऱ्याच गादीत टाचली. डॉक्टरांनी शेवटच्या वर्षांत सांगितले होते, मणके झिजलेत, फार वर्षांचे आहे हे. नवरा म्हणाला होता, रस्ते वाईट होते हो.

"काय झालं आई?" सून धावली.

"काही नाही. सुई टोचली."

तिच्या हातात सुई नव्हती. सुनेने ते पाहिले आणि ती खिडकीशी परतली. खिडकीतून बाहेर बघत ती म्हणाली, "काका आलेत. कोपऱ्यावर उभेत. पाच मिनिटं झाली, हलत नाहीयेत."

"तीनला बोलावलंय. तीनलाच येतील. लवकर आलं तर दंड पडतो त्यांना."

तीनच्या ठोक्याला दारावर दोन टकटक झाल्या. वाटाडे वाकून आत आले. एकाच मनगटावर दोन घड्याळे अजून होती. त्यांनी फाडून ठेवलेल्या दोन्ही सीटांकडे, काथ्याच्या ढिगाकडे पाहिले.

"वहिनी, हा तर शवविच्छेदनाचा कारभार दिसतोय."

"बसा."

"कशावर?"

सून हसली, स्टूल देऊन चहा टाकायला आत गेली. इकडे सासूने मापाची फीत काढली. वाटाड्यांचा खांदा, पाठ, बैठक. फीत लावताना तिची बोटे त्यांना लागू नयेत अशी ती जपत होती. वाटाडे पुढे झुकले आणि टेबलावरची गाठ त्यांना दिसली.

त्यांनी ती उचलली. तळहातावर घेऊन उजेडात धरली.

"अजून आहे होय ही!"

फीत तिच्या हातातून सुटून गुंडाळत गेली. "तुम्हाला ठाऊक होती?"

"पहिल्याच रॅलीत, चौथ्या तासाला. मी म्हटलं, अरे ही गादी तुझ्या बायकोने शिवलीये की माझ्या वैऱ्याने? त्याने गाडी बाजूला घेतली. माझ्या खाली हात घालून चाचपलं आणि हसत सुटला. चौऱ्याहत्तर सेकंद हसला. मी मोजले. त्या हसण्यापायी दुसरे आलो आम्ही."

"मग?"

हा शब्द आपल्या तोंडून कुठून आला ते तिला कळले नाही. वाटाड्यांनी एकदम वर पाहिले. त्या शब्दाला उत्तर देण्याची त्यांच्या जिभेला सवय होती.

"मग काय. गाद्या एका मापाच्या. दोन बोल्ट काढले, इकडची तिकडे केली. म्हणाला, ही माझी आहे, चुकून तुझ्याकडे आली."

"आणि अकरा रॅली तसेच बसले?"

"मी दर वेळी म्हणायचो, काढ की ती आता. तर म्हणायचा, नको. गाठीशिवाय घरी गेलो तर कंबर कशी दुखणार?"

आत चहाचे पाणी उकळत होते. तिने जमिनीवरची फीत उचलली, नीट गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. एवढ्या वर्षांत तिच्या मालकीचे एकच गुपित होते. तेही त्या दोघांनी गाडीत बसून वाटून खाल्ले होते, आणि ती इथे तेल कोमट करत बसली होती.

"मला कुणी बोललं नाही," ती म्हणाली. "माझी गाठ, भावोजी. तिचंसुद्धा तुम्ही दोघांनी आपसांतलंच करून टाकलंत."

"दोघांनी कुठलं?" वाटाड्यांनी गाठ अंगठ्याने हळूच फिरवली. "माझ्या वाट्याला मऊ गादी आली. माझ्यासाठी म्हणून कुणी हाताने शिवलेली ही एकच वस्तू. चार तास होती माझ्याकडे. मग त्याने घेतली." ते जरासे हसले. "तेव्हा मी चिडलो होतो त्याच्यावर. पुढच्या रॅलीत दोन वळणं चुकीची वाचली मुद्दाम."

तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिले. पाठ वाकलेली, सदऱ्याचे एक बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेले, आणि तेही वाकडे. पुरुषाच्या हाताचा टाका.

"मुद्दाम?"

"डावं सांगायचं तिथे उजवं. एका गोठ्यात शिरलो."

तिला हसू आले आणि ते तिने आवरले, कारण हा गोठाही तिला कुणी सांगितला नव्हता.

सून चहा घेऊन आली. वाटाड्यांनी गाठ टेबलावर जिथे होती तिथेच, अगदी त्याच कोनात ठेवली. चहा पिऊन ते उठले, दोन्ही घड्याळे पाहिली आणि गेले. तिने कप धुतला. एकदाच.

पुढचे आठ दिवस ती दुपारभर शिवत राहिली. चालकाच्या सीटवर आता कंपनीचा कुणी तरुण बसणार होता. त्याची गादी तिने सपाट, निर्दोष केली. जुनी गाठ तिने आपल्या शिवणाच्या स्टुलाच्या गादीत टाचून टाकली. सुनेने एकदा विचारले, "आई, सारख्या चुळबुळता का?" तर म्हणाली, "वय झालं." शेवटच्या दिवशी तिने खणातून जाड दोरीचा नवा तुकडा काढला. लाल दोरा दुकानातून आणवला होता. बोटे पूर्वीसारखी चालत नव्हती. तिसरा वेढा दोनदा सुटला.

कारखान्याचा माणूस गाडी घेऊन आला. त्याने चालकाची सीट दाबून पाहिली, मान डोलावली. मग वाटाड्याच्या सीटवर बसला आणि लगेच अर्धवट उठला.

"काकू, इथे काहीतरी टोचतंय. आत राहिलं वाटतं काही."

"राहिलेलं नाही. त्यांच्या मापाचं आहे."

"पण एवढ्या लांबच्या रस्त्याला..."

"त्यांना चालतं," ती म्हणाली. दोऱ्याचे रीळ तिने खणात टाकले, खण लावला आणि सीट बाहेर निघाल्यावर त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

"आणि हे बघा," ती म्हणाली, "बोल्ट चांगले घट्ट आवळा. मागच्या वेळी सैल राहिले होते."