भिंतीच्या रंगाचं दार

विसरण्याचा आजार जडलेल्या म्हाताऱ्यांच्या त्या वृद्धाश्रमाची सजावट करताना सगळे रंग तिनेच ठरवले होते. भात नीट दिसावा म्हणून ताटल्या लाल घेतल्या. कुणी बाहेर जाऊन हरवू नये म्हणून बाहेरचं दार हुबेहूब भिंतीसारखं फिकट पिवळं केलं. जे वेगळं दिसत नाही तिकडे पाय वळत नाहीत, असं ती सगळ्यांना समजावून सांगायची.

सहा महिन्यांनी तिचे वडीलच तिथे राहायला आले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली होती. आता ते लेकीला ओळखत नव्हते, पण त्यांचा हात काही विसरला नव्हता. एकदा ती भेटायला गेली तेव्हा ते पिवळ्या भिंतीवरून तळवा फिरवत चालले होते. एका जागी ते थबकले.

“बाई, इथे गार लागत नाही. हे लाकूड आहे, म्हणजे दार असणार. उघडा ना, मला घरी जायचंय.”

“भिंतच आहे ती, बाबा.”

“मग चाळीस वर्षं काय झक मारली मी?” ते हसले. पण तिने नकारार्थी मान हलवली, तसं त्यांचं हसू मावळलं. “असेल बाई. हल्ली माझंच चुकतं.”

त्यानंतर ते भिंतीला हात लावेनासे झाले.