लहूच्या छातीवरचा डाग

मित्रांनो, मी एक जुनं एक्स-रे मशीन आहे. अंधेरीतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली, मोडक्या बाकड्यांच्या आड मी धूळ खात पडले आहे.

उमेदीची वर्षं मी मुलुंडच्या एका धर्मादाय दवाखान्यात काढली. छातीत दडलेला आजार मी दाखवायचा आणि डॉक्टरांनी तो बरा करायचा, असा आमचा रिवाज होता. बरी झालेली माणसं पेढे घेऊन येत. ते माझा तंत्रज्ञ तुळशीदास खाई. दसऱ्याला हार मात्र मला पडे.

पुढे आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची रीघ लागली. तिथलं कामाचं परमिट मिळायला छातीचा फोटो स्वच्छ लागे. अंधेरीच्या एका खासगी केंद्राने मला विकत घेतलं. तुळशीदासही सोबत आला. इथे मी आजार शोधत नव्हते, माणसं गाळत होते.

लहू भांडुपहून आला तेव्हा त्याची गिरणी संपात बंद पडून बराच काळ लोटला होता. मुलं कोकणात आजीकडे ठेवली होती. मस्कतचं परमिट मिळालं तर त्यांना परत आणून शाळेत घालायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. बायको सगुणा दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बनियन काढू नकात हां. गुरवान सांगल्यान हा, दर्या पार होईसर देवाचो खडो अंगावेगळो करूचो नाय."

गावदेवीच्या गाभाऱ्यातला तो खडा तिने बनियनच्या आत, छातीपाशी शिवला होता.

"गळ्यातलं सगळं काढ रे. चेन, ताईत, काय असेल ते," तुळशीदास म्हणाला.

"काढलंय."

"मग बनियन कशाला? लाजतोस काय? मशीन तुझी सासू नाय!"

"ऱ्हवांदे ओ, थंडी वाजता."

बाहेर रांग खोळंबली होती. तुळशीदासने जास्त ताणलं नाही. लहूने श्वास रोखला. मी माझं काम केलं.

फोटो धुऊन वाळला. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, पांढरा डाग होता. डॉक्टरसाहेबांनी तो उजेडासमोर धरला, 'अनफिट'चा शिक्का मारला आणि पुढचा फोटो घेतला. लहूकडे त्यांनी पाहिलंही नाही.

भरतीचा एजंट माणिक बाहेर येऊन म्हणाला, "लहू, टीबी निघाला. तुझं परमिट गेलं."

"माका साधो खोकलो नाय!"

सगुणा घाईने पुढे झाली. "टीबी नाय ओ! तो देवाचो खडो!" सर्वांसमोर तिने नवऱ्याच्या बनियनची शिवण दातांनी उसवली. खडा फरशीवर पडला.

तुळशीदासने कोणालाही न विचारता लहूला पुन्हा माझ्यासमोर उभं केलं. या खेपेला छाती निर्मळ दिसली. ओला फोटो घेऊन तो माणिककडे धावला.

"मस्कतच्या कंपनीला तारेने कळवून झालं, टेलेक्स गेला, यार," माणिक म्हणाला. "याच्या जागी रांगेतला मागचा माणूस घेतला."

"मग दुसरा टेलेक्स कर ना!"

"एकदा टीबी कळवला की कंपनी त्या नावाला हात लावत नाय. मी भांडलो तर माझीच वाट लागेल."

सगुणा भिंतीला टेकून खाली बसली. लहू तिला एका शब्दानेही बोलला नाही. त्याने फोटो हातात घेतला. त्यातून पाणी ठिबकत होतं. "तुळशीदासानू," तो म्हणाला, "ह्यो आता कोणाक दाखवूचो?"



मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. माझी नळी केव्हाच जळली आहे. पण पुढे तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती शिक्का येईल. मला फक्त सावली दिसत असे. ती कशाची, हे समोरच्या माणसालाच विचारावं लागतं. शिक्का उचलण्याआधी तेवढं विचारत जा. लहूला कोणी विचारलं नाही.