उभ्या गाडीचा दाब

फोन वाजला तेव्हा रेग्युलेटर त्याच्या ओठांत होता. गाडीतल्या पेट्रोलचा दाब सांभाळणारा, मुठीत मावेल एवढा पत्र्याचा डबा. आतला रबरी पडदा धड असेल तर वरच्या नळीतून हवा ओढली की जीभ नळीला चिकटून बसते. चिकटली नाही. तोंडात पेट्रोल आलं. बायको पंधरा दिवस सांगत होती, अहो, गाडीत वास येतोय. तिचं खरं निघालं हे संध्याकाळी तिला सांगायचं ठरवून तो थुंकला आणि फोन घेतला. ती शिकवायची त्या शाळेतून होता. चित्रकलेच्या तासाला बाई खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

पुढे किती तरी दिवस त्याला पाण्यालाही पेट्रोलची चव यायची.

गाडी अंगणात आठ महिने उभी राहिली. गाडी तिची होती. लग्नानंतर एकदा त्याने मागे घेताना फाटक पाडलं होतं, तेव्हापासून "मी चालवते, तुम्ही ऐका," अशी तिने कामाची वाटणी करून टाकली. ती चालवायची, तो शेजारी बसून इंजिन ऐकायचा आणि रविवारी बॉनेट उघडायचा. चाळीस वर्षं धातू कातायच्या लेथवर काढलेला माणूस. कान आणि बोटं दोन्ही तयार. "तुम्हाला उभी गाडी कळते," ती चिडवायची, "चालती मला कळते."

मग तपासणीचं पत्र आलं. महिनाअखेर गाडी धुराच्या तपासणीत पास झाली नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे भंगार.

तसला रेग्युलेटर बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. दुकानदाराने दुसऱ्याच बनावटीचा दिला. त्याच्या डोक्यावर दाब कमीजास्त करायचा स्क्रू होता. कुठल्याही जुन्या गाडीला बसतो, म्हणाला. बसत नव्हता. जुना दोन बोल्टांवर बसायचा, याला आट्यांचं तोंड. मधला तुकडा कुणीतरी बनवायला हवा होता.

त्याने ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा घरचा लेथ सुरू केला. एका बाजूला बोल्टांची भोकं आणि रबरी कडीसाठी खाच, दुसऱ्या बाजूला आटे. पहिल्या ठोकळ्याची खाच केसभर खोल गेली; कडी दबेना, पेट्रोल पाझरलं. दुसरा चपखल बसला. इंजिन चालू ठेवून, दाबाच्या काट्याकडे बघत त्याने स्क्रू फिरवला. काटा तीनवर. गाडीच्या पुस्तकात तेवढाच लिहिला होता. इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं.

चालवून बघायला मेहुणी आली. थोरलीसारखीच बुटकी. बसली, पाय पुरले.

"सीट बरोबर आहे की," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि उगाच बॉनेटवरून फडकं फिरवलं.

वीस मिनिटांनी ती परत आली ती नाकाला रुमाल लावून.

"भाऊजी, गाडी आहे की वीटभट्टी? चढावर गचके खाते. मागचा सायकलवाला काळाठिक्कर पडला. मला काय म्हणाला ते सांगत नाही. तुम्हालाही घेतलं त्यात."

"इथे तर सुतासारखी सरळ होती."

"इथे उभी होती. उभ्या उभ्या कोण शहाणं नसतं?"

त्याने पुन्हा बॉनेट उघडलं. तपासणीला दोन दिवस होते.

"देऊन टाका म्हणणारी मी नव्हे," ती म्हणाली. "पण होत नसेल तर तसं सांगा. मनाची तयारी करायला बरं."

"थांब. मीही येतो."

त्याने लांब नळी जोडून काटा बॉनेटबाहेर घेतला आणि समोरच्या काचेवर बाहेरून टेपने चिकटवला. मग शेजारच्या सीटवर बसला. आठ महिन्यांत बसला नव्हता. चढ आला.

"पेडल दाब."

"किती?"

"ताई दाबायची तेवढं."

"मग धरून बसा."

काटा तीन सोडून साडेतीनवर गेला. मागे काळा लोट. तिने पाय उचलला, काटा उतरला. दाबला, पुन्हा चढला.

"कडेला घे गं. घे, घे."

"काय मोडलं?"

"काही नाही. मीच गाढव."

रेग्युलेटरच्या डोक्याला इंजिनातून एक बारीक नळी येते. उभ्या गाडीचं इंजिन त्या नळीतून जोरात ओढतं, म्हणून दाब उतरतो. पेडल दाबलं की ओढ सुटते आणि दाब चढतो. त्याने ती नळी लावलेली ठेवूनच तीन केले होते, म्हणून चढावर दाब वाजवीपेक्षा वर जाऊन जादा पेट्रोलचा धूर होत होता. तीन करायचे ते नळी काढून, तिचं तोंड बंद करून. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असणार. बारीक अक्षर वाचायचं काम घरात त्याचं नव्हतं.

रस्त्याच्या कडेलाच त्याने नळी उपसली, तिच्या तोंडात बोल्ट खुपसला, स्क्रू सैल करत काटा तीनवर आणला आणि नळी परत लावली. काटा अडीचवर उतरला.

"कमी झाला की हो."

"उभ्या गाडीला एवढाच पुरतो. घे आता चढावर."

चढावर काटा तीनवर गेला आणि तिथेच राहिला. आरशात मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. तो काट्याकडे बघायचं सोडून ऐकत राहिला.

"तिचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"कशाचं?"

"वासाचं. पडदाच फाटला होता. सांगायचं राहिलं तिला."

मेहुणीने गिअर बदलला. "मला सांगितलंत ना," ती म्हणाली.

दोन दिवसांनी गाडी पास झाली. फाटकाशी उतरताना मेहुणीने त्याच्या हातात किल्ली ठेवली आणि किल्लीबरोबर एक कागद. शिकाऊ परवान्याचा फॉर्म होता.

"साठी उलटली माझी," तो म्हणाला.

"साठी बुद्धी नाठी म्हणतात. पाय नाठे असं कुणी म्हणत नाही. अडलं तर फोन करा, बारीक अक्षर मी वाचून दाखवीन."

ती गेल्यावर त्याने फॉर्म भरला, फोटो चिकटवला, सही केली. मग अंगणात येऊन गाडीचं उजवं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसला. इंजिन बंदच होतं. गुडघे स्टिअरिंगला टेकले, कोपरं अंगाशी अडकली. समोर फाटक होतं, आता लोखंडी. सीट सरकवायचा खालचा दांडा चाचपला तेव्हा लगेच हाताला लागला. तो त्याने धरून ठेवला.

फॉर्म झाला होता. गाडी तयार होती. सीट मागे घ्यायची तेवढी राहिली होती.