आत्याच्या पायाखालचं दार

आमच्या घरात आत्याच्या सॅक्सोफोनला ‘यजमान’ म्हणत. हे नाव आईने ठेवलं होतं. आत्याने लग्न केलं नाही, पण ते वाद्य मात्र ती जाईल तिथे बरोबर न्यायची. आई दार उघडताना विचारायची, “वन्सं, एकट्याच आलात की यजमानही आहेत बरोबर?” आत्या मागे ठेवलेल्या काळ्या पेटीकडे वळून बघायची. “आहेत ना. जिना चढताना दम लागतो त्यांना.”

दम अर्थात आत्याला लागायचा. बॅरिटोन सॅक्सोफोन पेटीसकट अकरा किलो भरतो. शाळेत असताना मी एकदा त्याची नळी दोऱ्याने मोजली होती, वरच्या वेटोळ्यासकट. ती माझ्या उंचीपेक्षा हातभर जास्त निघाली. आल्टो, टेनर ही त्याची धाकटी भावंडं लोकांना माहीत असतात. ती पुढे उभी राहतात, त्यांच्यावर दिवे पडतात. बॅरिटोन मागच्या रांगेत कोपऱ्यात बसतो. तो आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही. नसला की मात्र गाण्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मी कान तपासते. माझ्या खोलीत एक छोटी पेटीसारखी कोठडी आहे, आतून जाड स्पंज लावलेली. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून एकेक सूर सोडायचा. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. दाबलेल्या प्रत्येक बटणाचा एक ठिपका होतो, ठिपके जोडले की आलेख होतो. वय झालेल्या माणसाचा आलेख उजवीकडे उतरत जातो, टेकडीच्या वाटेसारखा. आधी पक्षी जातात, मग शिट्ट्या, मग बोलण्यातले स आणि फ.

एका दुपारी आत्याच्या बँडचे मास्तर माझ्याकडे आले. स्वतःचे कान तपासायला आले असावेत असं वाटलं, म्हणून मी कोठडीचं दार उघडलं.

“मी नाही,” ते म्हणाले. “ताईंना पाठवतो. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय, आणि त्या संथ तुकड्यात त्यांचा प्रवेश चुकतोय. आजचं नाही, चार महिने झाले.”

तो तुकडा मला माहीत होता. सगळा बँड थांबतो. फक्त माणसाहून उंच, तारांचा डबल बास, तोही हळू, आठ आवर्तनं चालत राहतो. नवव्याला बॅरिटोन खालून वर येतो. बाकी काहीच नाही. त्या एका जागेसाठी लोक पुन्हा पुन्हा येतात.

“कीबोर्डवर तो सूर काढून घेता येईल,” मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले. “पण बत्तीस वर्षं त्या खुर्चीवर आहेत त्या. माझ्या तोंडाने मला सांगवणार नाही. तुझा कागद बोलू दे. ऐकू येत असेल तर ठीक, नसेल तर तेही ठीक.”

“मी तिची भाची आहे, मास्तर.”

“म्हणूनच तर. तू खोटं लिहिणार नाहीस.”

दुसऱ्या दिवशी आत्या आली. यजमानांशिवाय आली, त्यामुळे तिचा एक खांदा उगाचच वर गेल्यासारखा दिसत होता. कोठडीत बसल्यावर तिने चपला काढून बाजूला सारल्या. ती कुठेही बसली की आधी चपला काढते.

“मास्तरांनी पाठवलंय ना?” ती म्हणाली. “खरं लिही हं. मला गोड बोलून गुंडाळू नकोस. ती खुर्ची गेली तर मी काय करणार ते मलाही माहीत नाही, पण खोट्यावर बसायचं नाही मला.”

तपासणीला वीस मिनिटं लागतात. कोठडीत इतकी शांतता असते की बहुतेकांना पेंग येते, आणि आत्याही हळूहळू पेंगायला लागली. मध्ये मी कान बदलायला थांबले, तेव्हा ती डोळे मिटूनच बोलू लागली. कोठडीतला आवाज माझ्यापर्यंत स्पीकरमधून येतो. तो एखाद्या विहिरीतून आल्यासारखा वाटत होता.

“पहिल्यांदा अग्निशामक दलाच्या बँडमध्ये होते मी, माहितेय? रस्त्यावरून चालत वाजवायचं. तिथे बॅरिटोनला स्वतःचं काही नसतं, त्या मोठ्या भोंग्याच्या, ट्यूबाच्या मागोमाग एक-दोन, एक-दोन. पाय दुखायचे, पण वाटायचं, एवढी माणसं आपल्या सुरावर पाऊल टाकतायत. मग नाचाच्या हॉलमध्ये. तिथे जाझ. तिथे मला चालायचं नव्हतं, लोक माझ्या अंगावरून चालायचे, गुळगुळीत बूट घालून. मी नुसती खाली पसरलेली.”

“आणि स्टुडिओत?”

“स्टुडिओत धक्के मारायला बोलवायचे. त्या नाचऱ्या गाण्यांमध्ये सूर कोणाला हवा असतो? दार ढकलल्यासारखा एक ‘भप’. पुन्हा चार ठोके थांबा, पुन्हा ‘भप’. दिवसभर तेच. संध्याकाळी ओठ सुजलेला.” ती हसली. “पण चार सॅक्सोफोनांचा तो छोटा संच होता ना आमचा, बिनढोलकाचा, त्यात मी खरी बोलायचे. त्यात मी चेलोसारखी लांब ओढ घ्यायचे. वरचे तिघं भांडायचे, आणि मी खालून म्हणायचे, बसा, बसा रे.”

“आता उजवा कान,” मी म्हटलं.

आलेख तयार झाला. वाट उतरत होती, बरीच उतरत होती. कर्ण्याचे, म्हणजे ट्रम्पेटचे, वरचे सूर तिला जवळजवळ ऐकू येत नव्हते. मी कपाटातून तिचा दोन वर्षांपूर्वीचा कागद काढला आणि दोन्ही एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात पाहिले.

रेषा एकमेकींवर पडल्या. दोन वर्षांत काहीही बदललं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा प्रवेश कधी चुकत नव्हता. मग चार महिन्यांपूर्वी काय झालं?

आणखी एक गोष्ट मला त्या उजेडात दिसली, जी मी रोज बघत होते आणि कधी पाहिली नव्हती. आमच्या तपासणीची सुरुवात सेकंदाला अडीचशे कंपनांपासून होते. बोलणं समजायला जे लागतं ते बहुतेक त्याच्या वरच असतं, म्हणून. आत्याच्या वाद्याचा सगळ्यात खालचा सूर पासष्ट कंपनांचा. बास त्याच्याही खाली उतरतो. म्हणजे आत्या जिथे राहते तो भाग आमच्या कागदावरच नव्हता. तो डावीकडच्या कोऱ्या समासात होता.

“लिहिलंस?” आत्याने चपला पायात सरकवत विचारलं.

“अजून नाही. रविवारी तालमीला येते.”

रविवारी दुपारी हॉलमध्ये जड पडद्यांतून पिवळसर उजेड झिरपत होता आणि सगळे जरा पाण्याखाली बसल्यासारखे दिसत होते. मी कोपऱ्यातली खुर्ची घेतली. कर्णेवाल्याने मला ओळखलं. “डॉक्टरीणबाई आल्या! सांभाळून वाजवा रे, मोजतील.”

चार महिन्यांपूर्वी मी खरंच मोजलं होतं. त्याच्या पुढच्या खुर्चीवर आवाज एकशे चार डेसिबल भरला होता, आणि मी मास्तरांना छापील पत्र दिलं होतं: जाड पडदे लावा, जमिनीवर लोकरीच्या नमद्याचा जाड थर देऊन गालिचा घाला, सगळ्यांचे कान टिकतील. मास्तरांनी शब्द न् शब्द पाळला होता. गालिचा तर गोंदाने चिकटवून टाकला होता.

तालीम सुरू झाली. आत्या तिच्या कोपऱ्यात, यजमान मांडीला टेकवलेले, अनवाणी. तिच्या शेजारी बासवाला उभा होता. तो साडेसहा फूट उंच, म्हणून सगळे त्याला ‘बुटक्या’ म्हणतात. मधल्या सुट्टीत आत्या त्याला म्हणाली, “बुटक्या, हल्ली जीव नाही तुझ्या हातात. पूर्वी कसा वाजवायचास.”

“ताई, शपथ घेऊन सांगतो, तेवढाच वाजवतोय. तुम्ही रोज तेच म्हणता.”

“कधीपासून म्हणतेय?”

“हा मऊ गादीचा थाट आल्यापासून,” तो म्हणाला आणि त्याने पायाने गालिचा दाबून दाखवला.

मग तो संथ तुकडा आला. बँड थांबला. बास चालू लागला. मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते. तिच्या पावलांकडे पाहत होते. तिची बोटं गालिच्यात काहीतरी शोधत होती, आंधळ्याने भिंत चाचपावी तशी. सातवं आवर्तन, आठवं. बोटं थांबली, पुन्हा फिरली. नववं येऊन निघून गेलं, आणि ती अर्ध्या आवर्तनाने उशिरा आत आली. मास्तरांनी चष्मा पुसला.

पूर्वी तिथे उघडी लाकडी जमीन होती. बास ज्यावर उभा राहतो तो खालचा खिळा त्या लाकडात रुतलेला असायचा, आणि तारेतलं प्रत्येक कंपन फळ्यांमधून आत्याच्या तळव्यांपर्यंत जायचं. तार छेडल्याची टोकदार चाहूल तिच्या कानांना दोन वर्षांपूर्वीच लागेनाशी झाली होती. आठ आवर्तनं ती पायांनी मोजत होती. आणि ती जमीन मी, पत्र लिहून, शिक्का मारून, तिच्या पायाखालून काढून घेतली होती.

घरी जाताना मी तिला हे सांगितलं. आत्या रस्त्याच्या कडेला थांबली.

“पायांनी?”

“हो.”

“मला वाटायचं, चपला काढल्या की बरं वाटतं, एवढंच.” थोडा वेळ ती आपल्या चपलांकडे बघत राहिली. “मग तू एवढी शिकलीस ते माझी जमीन न्यायला होय गं?”

ती चिडली नव्हती, पण मला ते लागलं. मी म्हटलं, “परत देते.”

तिच्या झोपायच्या खोलीत एक जुनं कपाट होतं. त्याचं एक दार वर्षानुवर्षं बिजागरीतून निखळलेलं, भिंतीला टेकवून ठेवलेलं. हलकं कोरडं लाकूड, सहा फूट लांब. मी त्यावर बोटाने टिचकी मारली आणि दुसऱ्या टोकाला तळहात ठेवला. टिचकी पोचली. पुढच्या रविवारी आम्ही ते दार दोघींनी उचलून हॉलवर नेलं. यजमान वेगळ्या खेपेने आले.

कर्णेवाला दारातच हसायला लागला. “यजमान होतेच, आता ताईंनी दारही आणलं. संसार पुरा झाला!”

“उंबरठा तुझ्याकडून घेईन,” आत्या म्हणाली. “मेल्या, हात लाव आधी.”

दार गालिच्यावर आडवं ठेवलं. एका टोकाला आत्याची खुर्ची, तिची पावलं लाकडावर. दुसऱ्या टोकाला बुटक्याने बासच्या खिळ्याचं रबर काढलं आणि टेकवायला जागा शोधली. तिथे वरच्या कडीचं जुनं, आरपार न गेलेलं भोक होतं, त्यात खिळा नेमका बसला.

“हे काय नवीन?” मास्तरांनी विचारलं.

“माझी चूक दुरुस्त करतेय,” मी म्हटलं. “एकदा वाजवून बघा. नाही जमलं तर तुम्हाला हवा तो कागद आजच देते.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. कागदात काय असेल हे तिला माहीत होतं.

बँड थांबला. बास चालू लागला. मीही चपला काढल्या आणि दाराच्या कोपऱ्यावर, बिजागरीच्या खुणेपाशी, एक पाऊल ठेवलं. आधी काहीच नाही. मग तळव्याला एक मंद फुगवटा लागला, मग दुसरा. दूर कुणीतरी फार मोठं जनावर झोपेत श्वास घेत असावं, तसं. मी तो कानाने ऐकत होते की पायाने, हे मला सांगता येईना. आत्याची बोटं शोधत नव्हती. ती लाकडावर स्वस्थ पडली होती. तिचे डोळे मिटलेले होते.

नववं आवर्तन उघडलं आणि त्याच्या तळातून तिचा सूर वर आला, एका ठोक्याचाही उशीर न होता. माझ्या पायाखालचं दार जाड झाल्यासारखं वाटलं. पिवळा उजेड, पडदे, कर्णेवाल्याचे अर्धवट उघडे ओठ, सगळं त्या एका सुरावर अलगद उचललं गेलं आणि तो संपेपर्यंत खाली आलं नाही.

“पुन्हा,” मास्तर म्हणाले.

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदाही.

मास्तरांनी चष्मा पुसला नाही. ते दारापाशी आले, वाकून बघितलं, आणि म्हणाले, “कार्यक्रमाच्या दिवशी हे स्टेजवर कोण नेणार?”

“मी,” बुटक्या म्हणाला. “माझ्या खिळ्याला जागा मिळालीय.”

सोमवारी मी तपासणीचा कागद पूर्ण केला. आलेख जसा होता तसाच ठेवला, उतरत्या वाटेसकट. आत्याने खरं लिहायला सांगितलं होतं. ‘कामास योग्य’ या रकान्यात ‘होय’ लिहिलं, आणि पुढे ‘पायाखाली उघडं लाकूड असल्यास’. मग पेन्सिल घेऊन डावीकडच्या कोऱ्या समासात, जिथे आमची एकही रेघ पोचत नाही, पासष्ट कंपनांच्या जागी एक ठिपका काढला.