जारचं पाणी

शंखाच्या टोकाला मोहरीएवढं पांढरं पडलं होतं. काल ते खसखशीएवढं होतं — की कालही मोहरीएवढंच होतं आणि आपण नीट पाहिलं नव्हतं... शिल्पा काचेच्या टाकीला नाक टेकवून उभी होती, हातातल्या चहावर साय धरली होती, आणि ती पिवळी गोगलगाय तळाच्या खड्यांवर कलंडून पडली होती, दार लावून. दार म्हणजे नखासारखी तपकिरी चकती. आत गेलं की ओढून घ्यायची, मग बाहेरच्याला काही कळत नाही. काल संध्याकाळपासून ते लागलेलं होतं. उमरी आज सुटली नाही, असं तिच्या मनात आलं, आणि हे वाक्य आपलं नाही हेही लगेच लक्षात आलं.

वाक्य अश्वजितचं होतं. तिचा नवरा नांदेडच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होता, दिवसभर माईकवर गाड्या पुकारायचा. लेक धम्मप्रिया बारावीच्या दिवाळीत लातूरच्या हॉस्टेलवरून घरी आली तेव्हा तो तिच्यासाठी पाच गोगलगायी घेऊन आला. मासे का नाही आणले, असं शिल्पानं विचारलं, तर म्हणाला, मासे लई घाई करतात. पाचही जणींना त्यानं आपल्या गाड्यांची नावं दिली — कंधार, उमरी, मुखेड, देगलूर, किनवट — आणि ड्यूटीवर निघताना टाकीसमोर मूठ तोंडाशी धरून पुकारा करायचा, प्रवाशांनी लक्ष द्यावे, उमरीकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. उमरी काचेवर चिकटून शेवाळ खात बसलेली असायची. पोरगी पोट धरून हसायची, आणि शिल्पा आतून ओरडायची, डबा घ्या, डबा घ्या, नंतर सोडा गाड्या.

तो आवाज आता तिला नीट आठवत नव्हता. शब्द आठवायचे, आवाज नाही. हे वाईट आहे की नुसतंच असं असतं, हे ठरवायचंही तिनं सोडून दिलं होतं. चहा तिनं मोरीत ओतला, प्रयोगशाळेतली एक रिकामी बाटली टाकीत बुडवून भरली, बूच लावलं, आणि सवयीनं कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर गावाचं नाव लिहायचं असतं. ती थोडा वेळ पेन धरून थांबली, मग तिनं लिहिलं — घर.

धम्मप्रियाच्या मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेला आता सोळा दिवस होते. मागच्या वर्षी अकरा होते. मागच्या एप्रिलमध्ये अश्वजित सकाळचा चहा अर्धा पिऊन खुर्चीतच गेला, आणि दुपारी माणसं जमली तेव्हा त्याचा धाकटा भाऊ नरसिंग तिला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, पोरीला आत्ता काही सांगू नका. दोन वर्षं घासलीय तिनं. पेपर होऊ द्या." क्लासच्या सरांनीही फोनवर तेच सांगितलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या भाच्यालाही आजीचं असंच नंतर सांगितलं होतं, आता तो डॉक्टर झाला. सगळ्यांना पटलं. मला पटलं — हे सांगायला हवं, माझ्यावर कुणी काही लादलं नाही, मला ते पटलं होतं. लेकीवाचून अंत्यविधी उरकला, जलदान विधी पेपरनंतर ठेवला. रोज साडेसातला हॉस्टेलवरून धम्मप्रियाचा फोन यायचा. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, पप्पा कुठंयत, तेव्हा शिल्पाची नजर टाकीवर होती आणि समोरच्या काचेवर किनवट चढत होती. "पप्पांना किनवटला टाकलंय," ती म्हणाली, "पंधरा दिवस. तिथं रेंज नसते." स्वतःच्या आवाजाचं तिला नवल वाटलं. पाऊस पडेल की नाही हे सांगावं तसा कोरडा. अकरा दिवस तो तसा ठेवायचा होता, तिनं ठेवला, आणि नंतर तो तसाच राहिला.

पेपर झाला त्या संध्याकाळी नरसिंग पोरीला घेऊन आला. वाटेत त्यानं सांगितलं असावं. ती दारात चप्पल काढून आत आली, फोटोकडे पाहिलं, पुढच्या मेणबत्तीकडे पाहिलं, आणि सरळ टाकीकडे गेली. "पाणी कधी बदललं?" एवढंच विचारलं. कसे गेले, किती वाजता गेले, काही बोलले का, त्या दिवशीही नाही आणि पुढं जून महिन्यात मार्क कमी पडले म्हणून पुन्हा लातूरला रिपीटला गेली तोवरही नाही. पोरीनं भांडायला हवं होतं. ती ताटं घासायची, अभ्यास करायची, झोपायची... आणि आता रोज साडेसातला दहा मिनिटं बोलते, जेवणाचं, टेस्टचं, आणि फोन ठेवताना विचारते, "गाड्या?"

"वेळेवर," शिल्पा म्हणते.

किनवट फेब्रुवारीत मेली. कंधार मागच्या मंगळवारी. दोघींना तिनं कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं, हात धुतले, आणि साडेसातला म्हणाली, वेळेवर. रविवारी नरसिंग भाऊजी आले तेव्हा तिनं त्यांना सांगून पाहिलं. "पेपर होईस्तोवर बोलू नका," ते म्हणाले. "दुसऱ्या आणून टाकू. तिला कुठं समजतंय." पण तिला समजलं असतं. कुठल्या शंखावर किती रेघा आहेत हे तिला पाठ होतं.

प्रयोगशाळा दहाला उघडायची. जिल्हाभरातल्या विहिरींचं, बोअरचं पाणी तिथं बाटल्यांतून येतं आणि शिल्पा ते सोळा वर्षं तपासत आली होती. शिपाई रामकिशन मामा बाटल्या मांडत होते. पट्ट्या वाचता वाचता ते थांबले.

"म्याडम, हे 'घर' कोन्तं गाव हाय?"

"माझं घर, मामा. गोगलगायींचं पाणी आहे."

"गोगलगायींचं!" मामांनी बाटली उजेडात धरली. "पानी तर लई साफ हाय."

"हाव ना," ती म्हणाली. "साफ आहे. तरी मरून राहिल्यात."

मामांनी बाटली खाली ठेवली. मागच्या एप्रिलपासून तिच्याशी बोलताना मरणाचा शब्द आला की ते गप्प होत.

तिनं आधी अमोनिया पाहिला, कारण बंद पाण्यात घाण साचली की आधी तोच वाढतो. नव्हता. क्लोरीन — नळाचं पाणी चुकून गेलं असेल तर... नव्हतं. तांबंही नव्हतं. एकेक रकाना 'नाही'नं भरत गेला आणि तिला बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही, पुढची नळी हातात आली. पाणी थोडं आंबटाकडे झुकलेलं निघालं. इतकं का झुकावं? मग तिनं जडपणा काढायला घेतला. हे काम ती झोपेतही करील. पाण्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे, पाणी जांभळट लाल होतं. मग काचेच्या नळीतून औषध थेंबथेंब सोडायचं, आणि लाल सरून निळं आलं की थांबायचं. जितकं औषध जास्त लागेल तितकं पाणी जड, म्हणजे तितका त्यात चुना.

शेजारच्या फ्लास्कमध्ये उमरी तालुक्यातल्या कुठल्याशा बोअरचं पाणी होतं. ते किती वेळ लालच राहिलं, नळी संपत आली तेव्हा निळं झालं. सहाशे चाळीस. तिनं वहीत शेरा लिहिला — पिण्यास अयोग्य. मग घरच्या पाण्यात रंगाचे थेंब टाकले आणि लाल व्हायची वाट पाहत राहिली.

ते लाल झालंच नाही. पहिल्यापासून निळं होतं.

तिनं फ्लास्क धुऊन पुन्हा केलं. पुन्हा निळं. त्या पाण्यात काही नव्हतं. ते इतकं शुद्ध होतं की... शंख चुन्याचा असतो. हे तिला माहीत होतं, नववीच्या पोराला माहीत असतं. पाण्यात चुना नसला की ते जिथून मिळेल तिथून घेतं, आणि त्या टाकीत चुना फक्त त्यांच्या पाठीवर होता. मोहरीएवढा, ज्वारीएवढा... अश्वजित टाकीत बोअरचं पाणी घालायचा, अंगणातल्या नळाचं, ज्यानं बादलीला पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही. त्या पाण्याचा आकडा शिल्पानंच काढला होता आणि घरात कुणाला ते पिऊ दिलं नव्हतं. तो गेल्यावर टाकी तिच्याकडे आली आणि तिनं पहिल्याच गुरुवारी ठरवलं, असलं जड पाणी यांना नको. पिण्यासाठी दारात फिल्टरच्या पाण्याचा जार येतो, त्यातलंच यांना द्यायचं. धम्मप्रियासाठी आता तिच्या पप्पांचं हेच तर मागं राहिलंय... दर गुरुवारी न चुकता, वर्षभर. सगळ्यात चांगलं पाणी मी त्यांना दिलं.

आणि अंड्यांची टरफलं! हे आत्ता आठवलं, हातात ओला फ्लास्क असताना. रविवारी अंडी उकडली की तो टरफलं मुठीत चुरायचा आणि टाकीत टाकायचा. "कचरा कशाला टाकता त्याच्यात?" ती म्हणायची. "दुकानवाला बोलला टाका म्हणून," तो म्हणायचा. सोळा वर्षं पाणी तपासणारी बाई त्याच्यावर ओरडायची. तिला हसू आल्यासारखं झालं. ओठ हलले, एवढंच.

"काय निगालं, म्याडम?" मामांनी विचारलं.

"काहीच नाही निघालं, मामा."

"मंग चांगलंच हाय की."

तिनं वहीत घराची ओळ पुरी केली. शेऱ्याचा रकाना तेवढा मोकळा ठेवला.

घरी आल्यावर तिनं अंगणातला नळ सोडून बादली भरली, बसून राहू दिली. सगळं पाणी एकदम बदललं तर धक्क्यानंच मरतील, म्हणून चौथा हिस्सा काढला आणि तेवढंच बोअरचं घातलं, हळूहळू, वाटीनं. दोन अंडी उकडली. ती खावीशी वाटली नाहीत, पण टरफलं चुरून टाकली. मुखेड आणि देगलूर काचेवर होत्या, त्यांच्याही पाठी टोकाला पांढऱ्या. उमरी हलली नाही. तिनं तिला उचलून नाकाशी धरलं. मेलेली असली की वास येतो. वास नव्हता. म्हणजे आत कुणीतरी होतं. तिनं परत खड्यांवर ठेवलं. साडेसात वाजत आले होते.

सोळा दिवस. सोळा वेळा 'वेळेवर' म्हटलं की झालं, आणि आवाज तर तयारच होता. पोरगी पुन्हा मे महिन्यात येईल, चप्पल काढील, टाकीकडे जाईल, मोजील. विचारील, पाणी कधी बदललं. मग ताटं घासील. तिनं माझ्याशी भांडणं केव्हा सोडलं — हा विचार शिल्पाला आला आणि पहिल्यांदाच, वर्षभरात पहिल्यांदा, तिला भीती वाटली. साधी भीती. पेपरची नव्हे. ही पोरगी आता आपल्याला काही विचारणारच नाही, याची.

फोन वाजला.

"मम्मी, जेवलीस का?"

"जेवते आता. तू?"

"झालं. आज टेस्ट होती, बरी गेली. वांग्याची भाजी होती, मी दहीच खाल्लं." बरंच काही ती भरभर सांगत गेली, फिजिक्स, पंखा, रूममधलं ऊन. मग थांबली. "गाड्या?"

शिल्पानं टाकीकडे पाहिलं.

"कंधार मेली," ती म्हणाली. "मागच्या मंगळवारी. किनवट फेब्रुवारीतच गेली. मी तुला सांगितलं नाही. उमरी आजारी आहे. माझ्यामुळं झालं, मी त्यांना जारचं पाणी घालून राहिले होते. त्यांना चुना लागतो."

पलीकडे मागं पोरींचा गलबला ऐकू येत होता, कुणीतरी बादली सरकवत होतं.

"पप्पा बोअरचं घालायचे," धम्मप्रिया म्हणाली.

"हाव. मला आज कळलं."

"टरफलं टाकलीस?"

"टाकली."

पुन्हा गलबला. आता ठेवील, शिल्पाला वाटलं, दहा मिनिटं होत आली.

"मम्मी." आवाज खाली आला होता, पोरगी जिन्यात वगैरे आली असावी. "किनवटला रेंज असते."

"काय?"

"मागच्या वर्षी माझ्या रूमला किनवटची पोरगी होती. रोज बोलायची घरी, व्हिडिओवर. पहिल्या दिवशीच कळलं मला, तू खोटं बोलून राहिलीस. काय झालं ते नव्हतं कळलं. पण पप्पा स्वतः फोन करीनात, तेव्हा..."

शिल्पा खुर्चीत बसली. बसल्यावर कळलं, कुठल्या खुर्चीत.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून," धम्मप्रिया म्हणाली. "रोज वाटायचं, आज सांगील."

अकरा दिवस. म्हणजे साडेसातला इकडे मी आवाज कोरडा धरून बसायचे आणि तिकडे ती. दोघी एकमेकींना भाजी काय केली विचारत होतो. आणि पुढचं सगळं वर्ष... गाड्या? वेळेवर. ती रोज विचारत होती. रोज विचारत होती ती, आणि मला वाटत होतं, तिनं विचारणं सोडलं.

"ठेवू का?" पोरगी म्हणाली. "बेल होईल आता."

"नको," शिल्पा म्हणाली. "थांब."

तिचा आवाज मध्येच चिरला, विचित्र, अनोळखी, आणि ते फोनवर गेलं असणार, लातूरपर्यंत. सावरायची रीत तिला ठाऊक होती, श्वास धरायचा आणि दुसऱ्या कशाकडे तरी पाहायचं. तिनं पाहिलं नाही.

"सकाळचे सव्वासात वाजले होते," ती म्हणाली. "त्यांनी चहा मागितला, साखर कमी घाल म्हणाले, आणि मी... मी ओट्याशी होते, धम्मू, माझी पाठ होती त्यांच्याकडे..."