मचूळ पाण्यातला तरंगा

मित्रांनो, दाजींच्या लाकडी पेटीत मी एका पत्रावर झोपत असे. त्या पत्राला दाजींनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. मला हे नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

मी एक जुना तरंगा आहे, पाण्यात सोडायचा बोटभर लांबीचा लाकडी तुकडा. पनवेलच्या खाडीत, जिथे ओढ्याचं पाणी भरतीत मिसळतं, तिथल्या तिवराच्या लाकडातून मला कोरलं. मी कुठल्या पाण्यावर वाढलो, हे कुणी विचारलं नाही.

खाडीकाठच्या आमच्या गावात दोनच जाती होत्या. मिठागरं राखणारे खारे आणि भात पिकवणारे गोडे. सातव्या वर्षी जात ठरवायला प्रत्येक मूल घागरीत हात बुडवी आणि गावचा निवाडा करणारे दाजी मला त्या पाण्यात सोडत. मूल खाऱ्यांचं असलं की मी तरंगे, गोड्यांचं असलं की बुडे. लोक माझं कौतुक करत, मला खोबरेल लावत.

एक्केचाळीस साली मालूने हात बुडवले. आई खारी, बाप गोडा. मी मधोमध अधांतरी थांबलो. घागरीतलं पाणी श्वास घेतल्यासारखं हललं.

"मचूळ!" कुणीतरी ओरडलं.

रिवाजाप्रमाणे दाजींनी तिचं नाव खाडीला दिलं. ते पुन्हा उच्चारायचं नाही. गावातला जो कुणी ते उच्चारील किंवा रिवाज मोडील, त्याचंही नाव खाडी नेईल. मासळी विकायला येणारी सोनाबाई नाव न विचारताच पोरीला आपल्या करंजा गावी घेऊन गेली. तेव्हापासून भरती चढली की चिखलातून हाक येई, "मालूऽऽ". गाव कानांत कापूस घाली. दाजी घालत नसत.

एकोणसाठ साली पत्र आलं. "दाजीकाका, तुमी मला खांद्यावर बसवून मिठागर दाखवायचात. माजा नाव मला आठवत नाय. समदी 'ए' म्हनतात. पोर इचारते, आये, तुजा नाव काय? तेवढा लिवून धाडा." खाली सहीची जागा कोरी होती.

दाजी टाक हातात घेत, शाई वाळेपर्यंत बसत आणि ठेवून देत.

एकसष्ट साली गावातल्या शकूची पोर मैना घागरीपाशी आली. मी पुन्हा मधेच थांबलो.

"बोला ना दाजी," गर्दीतला काशीराम म्हणाला, "का तरंग्याला पन झोप लागली?"

लोक हसले. शकूने पोरीला पोटाशी धरलं. दाजींनी मला पाण्यातून काढून खिशात टाकलं.

"जा गो मैना, खेल जा."

"म्हाताऱ्या, तुजा नाव जाईल!" काशीराम ओरडला.

"जाऊ दे. मालूचा खाडीला मीच दिलेला."

ते नाव ऐकताच सगळे मागे सरकले. दाजी तसेच पनवेलच्या टपाल कचेरीत चालत गेले. कार्डावर त्यांनी एकच शब्द लिहिला आणि सोनाबाईचा पत्ता.

कारकुनाने चष्मा वर केला. "आजोबा, खाली तुमचं नाव राहिलं."

दाजींनी तोंड उघडलं. नाव आठवेना. पुन्हा उघडलं.

"नाय येत आता," ते म्हणाले. "तिचा बराबर लिवलाय ना?"

"मालू," कारकुनाने मोठ्याने वाचलं.

मित्रांनो, गावात त्यांना आता कुणी हाक मारत नाही. मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला विनवतो. एकदा तरी मोठ्याने 'दाजी' म्हणा, आणि कुणाला नुसतं 'ए' म्हणू नका.

त्या दिवशी कार्ड टपालपेटीत पडल्याचा आवाज मी ऐकला.