पालथ्या प्लेट

प्रयोगशाळेत कायमची जागा एकच, आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेले दोघे एकाच घरातले. नवरा-बायको! सरांनी हात झटकले. "ज्याचा प्रयोग टिकेल त्याची जागा," म्हणाले. उरलेल्याने दुसऱ्या शहरात नशीब आजमावायचं, हे न बोलताच ठरलेलं होतं.

बायकोचं म्हणणं असं की, जिवाणूंची एकच जात वाढत असली की वसाहतीची कड गोल, गुळगुळीत येते. सोबत दुसरी जात आली की रेटारेटी सुरू. चपळ जात पुढे मुसंडी मारते, मंद जात मागे राहते, तिथे कडेला खाच पडते. खाणं कडेलाच असतं. मागे राहिलेल्यांची उपासमार. नवरा म्हणे, हे सगळे कोरड्या अगारचे, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात त्या प्लेटमधल्या जेलीचे प्रताप. ओल राखली की दोन जातींचीही कड गुळगुळीत येते.

सरांसमोर प्लेट निघाल्या. तिच्या कडा खाचाखाचांच्या, अगदी ती म्हणत होती तशाच. त्याच्या प्लेटमध्ये नुसता लिबलिबीत राडा. झाकणाखाली साचलेलं पाणी वसाहतींवर ठिबकलं होतं. म्हणून तर इन्क्युबेटरच्या उबदार कपाटात प्लेट पालथ्या ठेवतात. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे ठाऊक असतं. सरांनी मान हलवली आणि तिचं अभिनंदन केलं.

तेव्हा तिला आठवलं. काल आपल्या प्लेट काढताना तिनेच त्याची चळत बाहेर घेतली होती आणि घाईघाईत सुलटी आत सरकवली होती. तिला ना आनंद झाला, ना लाज वाटली. दात काढताना गाल बधिर होतो, तसं आतून सगळं बधिर होतं.

सर गेल्यावर ती म्हणाली, "अरे, तुझ्या प्लेट माझ्याकडून सुलट्या राहिल्या. सरांना सांगते मी."

"नको. काल संध्याकाळीच पाहिलं होतं मी."

"मग पालथ्या का नाही केल्यास?"

"करणार होतो. मग म्हटलं, असू दे." तो हातमोजे काढत होता. "मला बाहेरगावी नोकरी मिळाली आहे. त्यांना हो म्हणून महिना झाला."

"आणि मी?"

"तुला इथली जागा मिळाली ना."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. महिनाभर ती त्या जागेसाठी एकटीच भांडत होती.